ऐकू येत नाही, हे सांगायला शिकलो

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या उत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळी झालेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर. अनेक सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेत देत आहोत. – संपादक मंडळ)



सुरुवातीलाच एक विनंती करतो. भाषण संपल्यावर कोणाला काही विचारायचं असेल तर कृपया उभं राहून, माझ्याकडे तोंड करून, सावकाश विचारा. ओरडू नका. ओरडल्याने आवाज वाढतो, शब्द वाढत नाहीत. आणि मी 'हो हो' म्हणत मान डोलावली, तर समजा की मला काहीही कळलेलं नाही. अशी मान मी कितीतरी वर्षं डोलावली आहे. आज त्या मानेचीच गोष्ट सांगायची आहे.

मी काही वक्ता नाही. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून नांदेडच्या शासकीय तंत्रनिकेतनात आलो, मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि 2003 साली रेल्वेत ज्युनियर इंजिनिअर म्हणून लागलो. तेव्हापासून सिकंदराबाद हेच गाव. लग्न, मुलगी, क्वार्टर, हे मंडळ, सगळं इथलंच. नोकरीची बरीच वर्षं डिझेल इंजिनांच्या देखभालीत गेली. सांस्कृतिक समितीने 'आरोग्य' या विषयासाठी डॉक्टर सोडून पेशंट का निवडला, हे त्यांनाच ठाऊक. पण मी लगेच होकार दिला. कारण या हॉलमध्ये मला निदान चार-पाच जण असे दिसतात, जे आत्ता नुसतीच मान डोलावत आहेत.

समोर बाप्पा बसले आहेत. त्यांचं एक नाव शूर्पकर्ण. शूर्प म्हणजे सूप. सुपाएवढे कान म्हणून शूर्पकर्ण, एवढंच मला लहानपणी माहीत होतं. आजी पुढचं सांगायची. सूप नुसतं मोठं नसतं, ते पाखडतं. दाणा ठेवतं आणि फोल उडवतं. माझे कान बिघडल्यावर आजीचं म्हणणं मला नव्याने कळलं. चांगला कान दिवसभर पाखडतच असतो. पंखा, रस्ता, कुकर, शेजारचा टीव्ही, या सगळ्यातून समोरच्याचं बोलणं तेवढं वेगळं काढून देतो. माझ्यासारख्यांचं हे पाखडणंच आधी जातं. आवाज येतो, शब्द येत नाहीत. म्हणून आम्ही म्हणतो, "मला ऐकू येतं हो, लोकच हल्ली नीट बोलत नाहीत." असं वाक्य तुमच्या घरात कोणी म्हणत असेल, तर पहिली खूण पटली असं समजा.

हे कसं होतं, ते थोडक्यात सांगतो. कानाच्या आत शंखाच्या आकाराचा एक भाग आहे. त्यात केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात, प्रत्येक कानात सुमारे 15 हजार. आवाजाची थरथर त्या पकडतात आणि मेंदूकडे पाठवतात. मोठ्या आवाजाने त्या मोडतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. 85 डेसिबलचा आवाज रोज 8 तासांपर्यंत सोसावा, ही जगभर धरली जाणारी मर्यादा. त्यावर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला 4 तास, 91 ला 2 तास, आणि 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. आता माझ्या सहकाऱ्यांनी आपलं जुनं 16 सिलिंडरचं अल्को इंजिन आठवावं. लोड बॉक्सवर लावलंय, आठव्या नॉचवर चाललंय आणि टर्बोची शिट्टी सुरू आहे. तिथे आपण 15 मिनिटं उभे राहायचो का? चहाच्या सुट्टीपर्यंत उभे राहायचो. कानावर लावायचे मफ असायचे. ते आम्ही गळ्यात घालायचो, दागिन्यासारखे. हा दोष माझा आहे, दुसऱ्या कोणाचा नाही.

अशा आवाजाने सगळं ऐकणं एकदम जात नाही. आधी वरच्या पट्टीतलं जातं, साधारण 4000 हर्ट्झच्या आसपासचं. आपल्या भाषेत स, श, फ, त, थ ही व्यंजनं वरच्या पट्टीतली आणि हलकी आहेत. आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट. त्यामुळे स्वर पोचतात आणि व्यंजनं वाटेत गळतात. मला कोणी 'साठ' म्हटलं की 'आठ' ऐकू यायचं. स्टोअरमधून फोन आला, "साठ नग आलेत," की मी रजिस्टरला आठ लिहायचो आणि वर त्यांच्याशी भांडायचो.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या परप्रांतात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. कान अर्धा शब्द देतो आणि उरलेला अर्धा मेंदू अंदाजाने भरतो. हा अंदाज मातृभाषेत चांगला चालतो, शिकलेल्या भाषेत कमी. म्हणून मला आधी तेलुगू सोडून गेली. मी समजत होतो, वय वाढलं तशी आपली तेलुगू गंजली. मग फोनवरची हिंदी गेली. घरात मराठी मात्र चालू होती, म्हणून घरच्यांना पत्ता नव्हता. बायको म्हणायची, "अहो, घरी तर तुम्हाला सगळं ऐकू येतं, बाहेरच कसं येत नाही?" तिला मी सोंग करतोय असं वाटायचं. खरं म्हणजे मराठी वाक्य कुठे जाणार, हे मला निम्म्यावरच कळायचं. ऐकण्याचं काम सवयच करत होती.

2019 च्या पावसाळ्यातली गोष्ट. शेडचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. इंजिन सुरू करण्याआधी विचारायची पद्धत असते, "सब क्लियर?" मी विचारलं. पलीकडून उत्तर आलं, त्यातला मला 'क्लियर' एवढाच शब्द आला. पुढचा 'नहीं' शेजारच्या इंजिनाच्या आवाजात बुडाला. मी हात वर करून इशारा देणार, तेवढ्यात एका जुन्या फिटरने माझं मनगट धरलं आणि खाली ओढलं. क्रँककेसच्या झाकणातून एका पोराचा हात अजून आत होता. तो पोरगा आज चांगला नोकरी करतोय, दोन्ही हातांनी. पण त्या रात्री मला झोप आली नाही. आणि तुम्हाला खरं सांगतो, एवढं होऊनही मी कोणाला काही बोललो नाही. मेडिकलमध्ये अनफिट केलं तर? चार लोकांत बहिरा म्हणाले तर? डोळ्याला चष्मा लागला की माणूस विद्वान दिसतो. कानाला यंत्र लागलं की म्हातारा दिसतो. या एका विचारापायी मी दुसऱ्याचा हात पणाला लावून बसलो होतो.

पुढे 2020 साली मास्क आले, आणि एका आठवड्यात माझं ऐकणं जणू बंद झालं. तेव्हा कळलं, की मी इतकी वर्षं ऐकत नव्हतो, ओठ वाचत होतो. ओठ झाकले गेले आणि माझं बिंग फुटलं. 2021 मध्ये बायकोने हाताला धरून तपासणीला नेलं. त्या तपासणीचा जो आलेख निघतो त्याला ऑडिओग्राम म्हणतात. आलेख डावीकडे बरा होता, उजवीकडे घाट उतरल्यासारखा खाली आला होता. वरच्या पट्टीत दोन्ही कानांत 60 डेसिबलच्या आसपास घट. तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "हे परत येणार नाही. पण जे शिल्लक आहे ते वापरता येईल."

श्रवणयंत्रं घेतली. घरी आलो, कानात घातली आणि पहिल्याच संध्याकाळी काढून ठेवली. स्टीलच्या ताटलीवर चमचा पडला की डोक्यात घण बसायचा. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी फटाका. आठ महिने यंत्रं कपाटात होती. शेवटी बायको म्हणाली, "अहो, ती मशीन आपल्या कपाटाला ऐकू यावं म्हणून घेतलीत का?"

त्या काळात मी मंडळात यायचं सोडलं, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. माझ्या मागे काय बोललं गेलं, तेही मला नंतर कळलं. "सीनियर झाला, आता आपल्यात कशाला येईल." तसं नव्हतं हो. कोजागिरीला गच्चीवर सगळे अंधारात गोल करून बसतात, एकाच वेळी चौघं बोलतात आणि मध्येच सगळे हसतात. मीही हसायचो, पण एक सेकंद उशिरा. शेजारच्याने विचारलं, "काय, तुम्हाला काय वाटतं?" की घाम फुटायचा. असे दोन-तीन प्रसंग झाले, की माणूस घरी राहणं पसंत करतो. घरीही तेच. मुलगी शाळेतली काही गंमत सांगायची. मी म्हणायचो, "काय?" ती पुन्हा सांगायची. मी पुन्हा म्हणायचो, "काय?" मग ती म्हणायची, "जाऊ दे बाबा, काही नाही." कानाने कमी ऐकणाऱ्या कोणालाही विचारा. 'जाऊ दे, काही नाही' हे शब्द मात्र आम्हाला दर वेळी स्पष्ट ऐकू येतात.

2022 साली यंत्राचं सेटिंग बदलून घ्यायला मी इथल्या मनोविकास नगरमध्ये गेलो. मुंबईला बांद्र्यात अली यावर जंग यांच्या नावाची श्रवणदोषासाठीची राष्ट्रीय संस्था आहे, 1983 साली सुरू झालेली. तिचं प्रादेशिक केंद्र आपल्या सिकंदराबादला आहे, हे मला 19 वर्षं या गावात राहून माहीत नव्हतं. बाहेर बाकावर बसलो होतो. शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर, तेलुगू गृहस्थ. माझ्या हातातली यंत्राची डबी पाहून त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि हिंदीत लिहिलं, "नया है? पहले तीन महीने सबको तकलीफ होती है. निकालना मत." मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. डॉक्टरांनीही मला हेच सांगितलं होतं. पण डॉक्टरांच्या कानात यंत्र नव्हतं. यांच्या दोन्ही कानांत होतं.

त्यांनी पुढच्या पानावर पत्ता लिहून दिला. महिन्याच्या एका रविवारी आठ-दहा जण एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतात. ना फलक, ना वर्गणी, ना अध्यक्ष. मी बायकोला घेऊन गेलो. खोली शांत होती, पंखेसुद्धा हळू. खुर्च्या गोल मांडलेल्या, म्हणजे प्रत्येकाचं तोंड प्रत्येकाला दिसावं. उजेड बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर. बोलायचं असेल त्याने हात वर करायचा, एका वेळी एकच. भिंतीला एक पांढरा फळा, नाव किंवा आकडा आला की तिथे लिहायचा. माझी पाळी आली. मी नाव सांगितलं आणि सवयीने म्हणालो, "तसं मला बऱ्यापैकी ऐकू येतं." सगळे हसले. या वेळी मी उशिरा हसलो नाही.

तिथे मला काय मिळालं, ते सांगतो. यंत्राची सवय पहिल्या दिवशी चार तास, मग सहा तास अशी वाढवायची. सुरुवात शांत खोलीतून करायची, बाजारातून नव्हे. मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखायला काही आठवडे लागतात. सेटिंगसाठी चार-चार वेळा जायला संकोच करायचा नाही. जाताना 'नीट ऐकू येत नाही' असं मोघम सांगण्यापेक्षा 'भांड्याचा आवाज टोचतो, मुलीचा आवाज पुसट येतो' असं लिहून न्यायचं. बटणासारख्या बॅटरीचा कागद काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची, मग बसवायची. हॉटेलात भिंतीकडे पाठ करून बसायचं. स्टेशनवर घोषणेच्या मागे न लागता बोर्ड वाचायचा. आता मोबाइलवर बोललेलं अक्षरांत उमटवणारी सोय आहे, ती मराठीतही चालते. समोरच्याची परवानगी घेऊन ती वापरायची. आणि 'काय?' असं विचारण्याऐवजी 'रविवारी कुठे म्हणालात?' असं विचारायचं, म्हणजे त्याला सगळं वाक्य पुन्हा म्हणावं लागत नाही आणि तो वैतागत नाही. माझ्या बायकोलाही तिथे सोबत मिळाली. दुसऱ्या खोलीतून हाका मारून दमलेल्या बायका आणि नवरे तिथे आणखी होते. परत येताना ती म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही मला टाळताय."

हे काही नवीन खूळ नाही. अमेरिकेत 1979 साली रॉकी स्टोन नावाच्या गृहस्थांनी कमी ऐकणाऱ्यांची अशीच एक स्वमदत संघटना काढली. सैन्यात असताना त्यांचे स्वतःचे कान गेले होते. आपल्या मराठी माणसालाही स्वमदत गट नवा नाही. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगणमुळे व्यसनाबाबत आपण तो शब्द ऐकला. पार्किन्सनच्या रुग्णांचं मित्रमंडळही पुण्यात आहे. कानाच्या बाबतीत मात्र आपण एकेकटे कोपऱ्यात बसतो. याचं एक कारण असं, की आमचा आजार बाहेरून दिसत नाही. आणि दुसरं असं, की गटात जायचं म्हणजे बोलायचं आणि ऐकायचं. ज्या गोष्टीची भीती, तिच्यातूनच वाट काढायची असते.

आता असा गट शोधायचा कसा? आपल्यापैकी अनेकांच्या बदल्या होतात, म्हणून सगळीकडे उपयोगी पडेल असं सांगतो. आधी गावातलं कानाचं मोठं खातं शोधा. बांद्र्याच्या संस्थेची केंद्रं सिकंदराबादप्रमाणे कोलकात्याला आणि दिल्लीकडेही आहेत. म्हैसूरला 1965 सालापासून अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घसा विभागाबरोबर श्रवण तपासणी असते. तिथल्या ऑडिओलॉजिस्टना सरळ विचारा, "माझ्यासारखे आणखी कोण येतात? माझा नंबर त्यांना द्याल का?" दुसऱ्याचा नंबर मागू नका, तो त्यांना देता येत नाही. आपला ठेवून या. गट सापडला नाही तर बाकावर बसलेल्या माणसाशी बोला. माझा गट मला बाकावरच सापडला.

मात्र गट कोणाचा आहे हे आधी विचारा. जन्मापासून बहिरे असलेल्यांच्या संघटना आहेत, त्यांची स्वतःची सांकेतिक भाषा आहे, तिचा त्यांना अभिमान आहे आणि असायलाच हवा. अखिल भारतीय बधिर महासंघ तर 1955 पासूनचा. लहानपणी कॉक्लियर इम्प्लांट झालेल्या मुलांच्या आईवडिलांचे वेगळे गट असतात. चाळिशीत कान गेलेल्या फिटरची अडचण निराळी आहे. त्याला भाषा येते, आवाज येत नाही. चुकीच्या दारात गेलात आणि निराश झालात, तर दोष ना दाराचा, ना तुमचा. पुढचं दार बघा. आणि जिथे पहिल्याच दिवशी कोणी यंत्र विकू लागला किंवा तेलाने कान पूर्ववत होतील असं म्हणाला, तिथून चहा न घेता उठा.

रेल्वेतल्या सहकाऱ्यांसाठी एक गोष्ट खास सांगतो, कारण त्या भीतीनेच मी दोन वर्षं गप्प होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016, कलम 20, पोटकलम 4. सेवेत असताना अपंगत्व आलं, तर सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. त्या कामाला योग्य नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर न्यायचं, आणि तसं पद मिळेपर्यंत जादा पद निर्माण करून ठेवायचं. 1995 च्या कायद्यातही ही तरतूद होती. कमी ऐकू येणं या कायद्यात कधी धरतात? बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांत 60 डेसिबल घट असेल तेव्हा. माझा आकडा तिथवर जात नाही. म्हणून मी कायद्याचं पुस्तक घेऊन गेलो नाही. नुसता ऑडिओग्राम घेऊन वरिष्ठांसमोर उभा राहिलो आणि 2019 चा प्रसंगही सांगितला. त्यांनी मला प्लॅनिंगच्या टेबलावर घेतलं. पगार तोच, पद तेच. इशारा देण्याचं काम आता ज्याला दोन्ही शब्द ऐकू येतात तो करतो. हे आधी सांगितलं असतं तर एका पोराचा हात माझ्या भरवशावर राहिला नसता.

आता मंडळासाठी दोन शब्द. मगाशी म्हटलं, शिकलेली भाषा आधी जाते आणि मातृभाषा सगळ्यात शेवटी. पोस्टमास्तरांच्या गटाने मला उभं केलं. पण तिथे बोलणं तेलुगूत आणि हिंदीत चालतं, त्यामुळे निम्मं काम फळ्यालाच करावं लागतं. आपले निवृत्त लोक इथेच स्थायिक झालेत. त्यांचं ऐकणं वयाने आणखी कमी होणार आहे. भाजीवाल्याशी, बँकेत, दवाखान्यात त्यांचं अडू लागेल आणि ते घरात बसतील. त्यांच्या कानात जी भाषा शेवटपर्यंत टिकणार आहे, ती या गावात एकत्र बसून बोलण्याची जागा म्हणजे हे मंडळ. म्हणून मी अध्यक्षांकडे मंडळाच्या ग्रंथालयाची खोली मागितली आणि त्यांनी दिली. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी 11 वाजता मी तिथे असेन. बायकोही असेल. फळा मी आणतो. कोणी आलं नाही तर आम्ही दोघं बसू. दोघं जमले तरी तो गट आहे.

कार्यकारिणीला आणखी एक मागणं आहे. सभागृहात पहिल्या रांगेतल्या सहा खुर्च्या कमी ऐकणाऱ्यांसाठी ठेवा, पण वर पाटी लावू नका. सांगितलं की पुरे. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिवा असू द्या. कार्यक्रमाचा क्रम फळ्यावर लिहा. आणि ढोल-ताशात नाचणाऱ्या, स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहणाऱ्या आपल्या मुलांना मी आत्ता सांगितलेले आकडे पाठ करायला लावा. 100 डेसिबलला 15 मिनिटं. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद ठेवण्याचा नियम 2000 सालापासून आहे, तो शेजाऱ्यांसाठी आहे. आपल्या पोरांच्या कानांसाठी नियम आपणच करायचा आहे. फोमचे बोळे स्वस्त असतात. मिरवणुकीला गुलालाबरोबर तेही आणूया.

एक गोष्ट राहिली, ती विसरू नका. कान हळूहळू जाणं वेगळं. पण एका कानाचं ऐकू येणं अचानक, एका रात्रीत कमी झालं, तर मळ असेल म्हणून थांबू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. तिथे दिवस मोजूनच उपचार लागू पडतात.

गेल्या महिन्यात मुलगी कॉलेजातलं काही सांगत होती. मला मधलं वाक्य आलं नाही. मी म्हटलं, "थांब, मास्तर काय म्हणाले ते कळलं नाही." तिने टीव्ही बंद केला, समोर येऊन बसली आणि पुन्हा सांगितलं. गंमत तशी साधीच होती. पण मी वेळेवर हसलो.

आता प्रश्न विचारा. उभं राहून, माझ्याकडे तोंड करून.

गणपती बाप्पा मोरया!